आरपार दिवळी

दिवाळी सरली, भातं कापून झाली, आणि एका सकाळी दिग्गीकडच्या डोंगरावरून पहिलं गार वारं खाली उतरलं. म्हादूनं अंगणात उभं राहून ते अंगावर घेतलं आणि आत येऊन लेकीला सांगितलं, "आलं गं बाय. औंदा लवकर आलं. घर बुजवाय पायजे."

राखी बाळंतपणाला माहेरी आली होती. रामनगरातलं तिचं सासरघर सिमेंटचं, रस्त्याला लागून. थंडी तिथंही पडायची, पण दारं लावली की झालं. इथं तसं नव्हतं. इथं थंडी यायची म्हणजे पाहुणा यायचा. कौलं सारखी करायची, लाकडं पडवीत रचायची, वाकळा उन्हात टाकायच्या, चटईखाली नव्या भाताचं पिंजर, मऊ पेंढा, अंथरायचं. त्या पिंजराचा वास नाकात गेला आणि राखीला क्षणभर वाटलं, आपण सात वर्षांच्या आहोत आणि आई आता हाक मारील.

पण मांडीवर अडीच महिन्यांची छकुली होती आणि ती खोकत होती. कोरडा, बारका खोकला. दवाखान्याकडून घरोघर फिरणारी आशाताई परवाच बजावून गेली होती, "छातीला वारं लागू देऊ नको."

म्हादूनं वारुळाची माती आणली, त्यात शेण आणि पिंजर घातलं, दोन दिवस पायांनी तुडवलं. मग भिंतीची एकेक भेग बुजवत तो घरभर फिरला. शेवटी मधल्या भिंतीपाशी येऊन थांबला.

त्या भिंतीत दिवळी होती. म्हादू आणि त्याचा धाकटा भाऊ वेगळे झाले तेव्हा घराच्या मधोमध ही भिंत घातली गेली. रॉकेलची टंचाई होती, म्हणून गवंड्याला सांगून दिव्याचा कोनाडा आरपार ठेवला. एक चिमणी, उजेड दोन घरांना. पुढं वीज आली, धाकटा भाऊ वारला, त्याची पोरं गोव्याला गेली. पलीकडं त्याची बायको, यमुनाकाकी, एकटीच राहिली. दिवळी तशीच राहिली.

"ही बी बुजवायची," म्हादू म्हणाला. "सगळं वारं हितनंच येतंय. पाळणा बरोब्बर खाली हाय."

"उद्या बघू या की बाबा."

"काल बी उद्याच म्हणालीस."

तेवढ्यात दिवळीतून आवाज आला, "राखी, तुझ्या बाबास्नी सांग, दोन बुट्ट्या चिखल माझ्यासाठी ठेवा म्हणावं. चूल लिपायची हाय."

म्हादू दिवळीपासून हातभर अंतरावर उभा होता. तरी तो राखीकडं बघून म्हणाला, "ठेवतो म्हणून सांग."

"ठेवतो म्हणतात, काकी."

"ऐकलं."

थोरल्या दिरानं धाकट्या भावजयीशी सरळ बोलायचं नाही, ही जुनी रीत. चाळीस वर्षं दोघं असेच बोलत आले. आधी मध्ये राखीची आई असायची, मग राखी. ती लग्न होऊन गेल्यावर दोघं मांजराला सांगत. "मांजरे, तुझ्या मालकिणीला म्हणावं, पावसाची लाकडं आत घे." माहेरी आली की ते ऐकून हसून हसून राखीच्या डोळ्यांत पाणी यायचं.

आता हसू येईना. आई गेली तेव्हा राखी नऊ वर्षांची. बाबा दिवसभर रानात. पहाटे गारठ्यानं जाग आली की ती दिवळीखाली येऊन बसायची. पलीकडून काकीचा हात यायचा, चुलीवर शेकून ऊन केलेला. राखी तो गालाला लावून धरायची. गार झाला की हात जायचा, पुन्हा शेकून यायचा. काकीनं कधी विचारलं नाही, का बसलीस म्हणून. ती दिवळी आपल्या हातानं लिपायची?

पण संध्याकाळी छकुली पुन्हा खोकली, तोंड लालबुंद होईपर्यंत. राखीनं जुनं लुगडं दिवळीत कोंबलं. वारा त्यातूनही आत येतच राहिला.

"खोकतीया व्हय गं?" काकीनं विचारलं.

"थोडं थोडं."

"पाळणा ह्याच भिंतीला हाय न्हवं?"

"व्हय."

नंतर पलीकडून धपधप ऐकू येत राहिलं. दगड सरकल्याचा आवाज आला. बाबांनी ठेवलेल्या चिखलानं चूल लिपते आहे, राखीला वाटलं. मनाशी तिनं ठरवून टाकलं, सकाळ झाली की बाबांना हो म्हणायचं. लेकरापुढं काय.

सकाळी जाग आली ती उशिरा. छकुली गाढ झोपलेली. वाराच नव्हता. राखीनं वर पाहिलं, लुगडं जागचं हललं नव्हतं. ओढून काढलं तर मागं ओला चिखल, घट्ट भरलेला. पलीकडून दाबताना मध्ये काकीच्या बोटाच्या दाबानं उंचवटा आला होता.

ती तशीच भिंतीला टेकली, आणि दचकली. भिंत उबदार होती. पाळण्यामागची सगळी जागा, भाकरी ठेवलेल्या टोपलीसारखी ऊन. ती दगडांची चूल, परसाकडच्या कोपऱ्यातली, काकीनं साठाव्या वर्षी एकटीनं उचलून या भिंतीला आणली होती.

म्हादू आला. त्यानं तळवा भिंतीला लावला आणि बराच वेळ लावूनच ठेवला. मग सवयीनं म्हणाला, "राखी, तुझ्या काकीला सांग..."

राखी छकुलीला घेऊन पाजायला बसली. मान वर केली नाही.

म्हादू खाकरला. एकदा दाराकडं बघितलं, मांजर कुठं दिसेना. मग भिंतीला तोंड लावून मोठ्यानं म्हणाला, "यमुना, ऊब लागतीया गं! लाकडं मी आणून टाकतो!"

पलीकडं भांडं वाजायचं थांबलं.

"वाळकी आणा," काकी म्हणाली. "धूर न्हाई पायजे."