पायधूळ सांभाळणारी सतरंजी

मित्रांनो, माझ्यावर बसायच्या आधी जरा थांबा आणि माझं ऐकून घ्या. मी एक जुनी सतरंजी आहे. लाल-निळे पट्टे, दोन्ही टोकांना गोंडे. चंद्रपूरच्या लहानूभाऊ विणकरानं मला मागावर विणलं आणि आरमोरीजवळच्या गावातून आलेल्या गुणवंतरावांच्या हाती देताना बजावलं, "भाऊ, महिन्याले एकदा धुवा अन् उन्हात टाका. वीस वर्षं कुठी जात नाई." गुणवंतरावांनी मान हलवली. मान हलवायला काय लागतं?

सुरुवातीची वर्षं मात्र सोन्यासारखी गेली. गुणवंतराव गावच्या भजनी मंडळाचे प्रमुख. हरिनाम सप्ताह आला की मंडपात कीर्तनकाराच्या जागी मला अंथरायचे. मृदंगाची थाप थेट माझ्या धाग्यांत उतरायची. कीर्तन रंगलं की माणसं हसता हसता डोळे पुसू लागायची. सतरंजीच्या जन्माला आणखी काय हवं? गुणवंतरावांची रीता तेव्हा नऊ वर्षांची. ती कीर्तनकार पत्रू महाराजांच्या मागे टाळ घेऊन उभी राहायची. महाराजांनी अभंगाची पहिली ओळ म्हटली की दुसरी रीताच उचलायची, आणि इतकी वर न्यायची की महाराज स्वतः गप्प राहून ऐकायचे.

घात झाला तो त्याच वर्षीच्या सप्ताहात. काल्याच्या दिवशी महाराजांना उशीर झाला. घामाघूम होऊन आले ते धुळीच्या पायांनी तसेच माझ्यावर उभे राहिले. त्या दिवशीच्या कीर्तनाची गोडी मी कशी सांगू! शेवटी माझ्या निळ्या पट्ट्यावर दोन पावलं उमटलेली दिसली. रीताची आई रंभाबाई माझ्यावर डोकं टेकून म्हणाली, "आता हिले पानी लावाचं नाई. महाराजाची पायधूळ हाय."

झालं. त्या दिवसापासून माझी पूजा सुरू झाली आणि धुणं बंद झालं. दर गुरुवारी उदबत्ती, वर चिमूटभर हळद-कुंकू. घडी करून मला रीताच्या खाटेवर उशाशी ठेवलं. धान काढणीच्या दिवसांत तुसाची धूळ माझ्यात शिरली. झुरळांची घाण शिरली. माणसांच्या अंगावरून गळणारा कोंडा साठला, पावसाळ्यात ओल धरली, आणि त्या ओलीत डोळ्यांना न दिसणारे किडे वाढले. रीताला आधी शिंका आल्या, मग खोकला, मग छातीत शिट्टी वाजू लागली. आईच्या जिवाला घोर लागला. तिनं काय केलं? मला उलगडून पोरीच्या अंगाखाली घातलं. जसजसा खोकला वाढला, तसतशी मी तिच्या जास्त जवळ आले. मला तोंड असतं तर मी ओरडले असते.

शेवटी चंद्रपूरच्या डॉक्टरीणबाईंनी रीताला श्वासाचा पंप दिला आणि घरातलं सगळं विचारून घेतलं. कोरडा झाडू मारू नका, ओल्या फडक्यानं पुसा, झाडताना पोरीला बाहेर पाठवा, अंथरूण-पांघरूण दर आठवड्याला कढत पाण्यात धुवा, असं सांगितलं. धूळ धरणारं जुनं, जाड काही तिच्या खोलीत आहे का, असंही विचारलं. रंभाबाई नाही म्हणाली. ती खोटं बोलली नाही. तिच्या लेखी मी धूळ धरणारी वस्तू नव्हतेच.

मग घरात जाळी निघाली, फरशी पुसली गेली, चादरी उकळत्या पाण्यात पडल्या. घरातली एकूण एक वस्तू स्वच्छ झाली. एक मी सोडून.

पोरगी हुशार. आठ दिवस मावशीकडे राहून आली आणि म्हणाली, "आई, मले मावशीकडे शिट्टी वाजत नाई. काऊन इथीच वाजते?"

"मंग हिच्यावरच झोप. कमी होईन," आई म्हणाली.

यंदा सप्ताहाच्या आधी आठवडाभर आईनं रीताला दुपारीही माझ्यावरच झोपवलं. आवाज खणखणीत राहावा म्हणून. कीर्तनाला महाराजांनी पहिली ओळ म्हटली. रीतानं दुसरी उचलली आणि अर्ध्यात तिचा श्वास अडकला. टाळ हातातून पडले. ओठ निळे पडले. पंप दिला, गाडी काढली, आरमोरीच्या दवाखान्यात नेलं. जीव वाचला.

तिसऱ्या दिवशी महाराज तिला बघायला घरी आले. तिच्याखाली मला पाहून त्यांनी विचारलं, ही धुतली कधी? रंभाबाईनं हात जोडून पायधुळीची सगळी गोष्ट सांगितली. महाराजांनी खाली वाकून ती दोन पावलं निरखली.

"बाई, त्या दिवशी माही फटफटी बंद पडली होती. मी बैलबाजारातून पायी आलो होतो. हे पायधूळ नाई, शेन हाय. तीन वर्षं तुमी पोरीले शेनावर झोपवून राह्यल्या."

"मंग मी पूजा कोनाची केली, महाराज?"

महाराजांनी धोतर खोचलं, मला खांद्यावर टाकलं आणि बोरिंगच्या ओट्यावर नेऊन स्वतः घासलं. सारा गाव बघत होता. तीनदा काळं पाणी गेलं. मग रंभाबाईनं हंडाभर कढत पाणी आणून माझ्यावर ओतलं. तिची आसवंही त्यातच गेली. ती दोन पावलंही गेली.

आता मला दर पंधरा दिवसांनी धुतात, कडक उन्हात वाळवतात. कीर्तनाला पुन्हा मंडपात अंथरतात, पण रीताच्या खोलीत मी जात नाही. तिचा श्वास मोकळा झालाय, पण ती गात नाही. दुसरी ओळ आली की तिचा हात छातीवर जातो. परवा एकादशीच्या कीर्तनात महाराजांनी पहिली ओळ म्हटली, थांबले, मागे वळून पाहिलं. रीता मंडपाबाहेर उभी होती. माझ्यावर पाय ठेवायला ती आजही धजत नाही. महाराजांनी दुसरी ओळ स्वतःच म्हटली.

लहानूभाऊनं सांगितलं होतं, महिन्याले एकदा. मित्रांनो, देवाला नमस्कार जरूर करा, पण त्याआधी एक बादली पाणी भरा. आणि तुमच्या घरात कुणी गाता गाता थांबलं, तर नवस बोलायच्या आधी त्याचं अंथरूण उचलून उन्हात न्या.