खळ उतरलेलं सूत

दत्ताराम माणसांचे मेंदू घोटायचा. दचकू नका, पगारी नोकरी होती. परळच्या एका दवाखान्यामागं प्रयोगशाळा होती, तिथं मेलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या मेंदूचे सुपारीएवढे तुकडे यायचे. दत्ताराम तुकडा खलात घोटायचा, क्लोरोफॉर्म न् स्पिरिट ओतून गाळायचा, वरून पाणी घातलं की दोन थर व्हायचे. खालचा थर वाळवला की बशीत उरायची पिवळट, मेणचट चरबी.

"सुकवलेला मेंदू म्हणजे जवळजवळ निम्मी चरबीच," सुमेधाबाई सांगायच्या. बाई दादरच्या, रसायनात शिकलेल्या. "वय झालं की ती सगळ्यांचीच थोडी घटते. पण विसरण्याचा आजार झालेल्यांची बघा, फारच कमी भरते."

दत्तारामनं बशीकडं बघितलं न् त्याला घरची आई आठवली.

जाईबाई. बावीस वर्षं गिरणीत वायंडिंग खात्यात बॉबिनवर सूत भरलं. छप्पन साली संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात अशी ओरडली, की रे रोड स्टेशनापलीकडच्या गोदीत म्हणे बोटी उलट्या फिरल्या! आणि आता पोटच्या पोराला ओळखत नव्हती. रोज संध्याकाळी तो दारात आला की एकच प्रश्न, "कोण रे बाबा तू? मुंबई मिळाली का?"

"न्हाय गं आये, अजून न्हाय. मी दत्तू."

"बरं बरं. बस. माझा पोरगा येईल इतक्यात."

एकदा तरी हिनं आपल्याला नावानं हाक मारावी, एवढंच त्याला हवं होतं. म्हणून त्या संध्याकाळी तो लालबागेतून बकऱ्याचा भेजा घेऊन आला.

"अहो, हे काय नवीन?" बायको कांता म्हणाली.

"डोक्यातली चरबी भरून काढायची. परतून दे तिला, भरपूर तेलात."

पंधरा दिवस भेजा चालला. जाईबाई ताटली घेऊन गॅलरीत बसायची, ताटली लख्ख करून आणायची. दत्ताराम खूश. मग शेजारचा बुधाजी आला न् म्हणाला, "दत्ता, तुझी आय रोज मांजरीला भेजा घालते. मांजर इतकी शाणी झाली रे, गिरणीच्या भोंग्याआधी मला उठवते! काल माझ्याकडं बघून मान हलवली. आता ती युनियनच्या निवडणुकीला उभी राहणार."

चाळ हसली. दत्ताराम नाही हसला. दुसऱ्या दिवशी त्यानं बाईंना सगळं खरं सांगून टाकलं.

बाईही हसल्या नाहीत. "दत्ताराम, आईंनी खाल्ला असता तरी उपयोग नव्हता. खाल्लेली चरबी काही तशीच उचलून डोक्यात जाऊन बसत नाही. मेंदू आपली बरीचशी चरबी स्वतःच घडवतो. त्यातल्या बऱ्याच चरबीचं मेंदूतल्या तंतूंवर वेष्टण असतं. ते विरलं की निरोप वाटेत अडखळतात."

"म्हणजे गिरणीत सुताला खळ लावतात तशी? तिच्यात पण चरबी घालतात. खळ उतरली की सूत तटातट तुटतं."

"अगदी तशी."

"मग परत लावा की, बाई."

बाईंनी चष्मा काढून पुसला. "नाही येत हो. का उतरते तेच अजून नीट कळलेलं नाही." मग म्हणाल्या, "तुमच्या आई तुटलेलं सूत काय करायच्या?"

"दुसरं टोक हुडकायची. गाठ मारायची. पुढं चालू."

बाईंनी चष्मा परत घातला. दत्ताराम खल धुवायला गेला.

मग साठ सालचा एक मे उजाडला. लालबाग-परळ दिव्यांनी फुललं. बुधाजी सांगतो, अँटॉप हिलवर उभं राहिलं तर उजेडानं अंगाला चटका बसत होता. संध्याकाळी दत्ताराम पेढे घेऊन दारात आला.

"कोण रे बाबा तू? मुंबई मिळाली का?"

"मिळाली, आये! महाराष्ट्र झाला!"

जाईबाई ताडकन उठली. त्याचे दोन्ही हात धरून गदगदा हलवले. डोळ्यांतून पाणी. "अरे मग हितं काय उभा राहिलास! जा, पळ, माझ्या दत्तूला सांग आधी! माझा दत्तू वाट बघतोय कवापासनं!"

दत्तारामच्या हातातला पेढा तसाच राहिला. नाव होतं. आत होतं, जिथल्या तिथं. फक्त त्याच्या चेहऱ्याशी जोडलेलं नव्हतं.

"सांगतो," तो कसाबसा म्हणाला. बाहेर गेला. गॅलरीत कठड्याला धरून उभा राहिला, डोळे पुसले, आणि धावत आल्यासारखा आत शिरला.

"आये! ऐकलंस का?"

"दत्तू! आलास? मुंबई मिळाली रे!" तिनं त्याच्या तोंडात पेढा कोंबला. "आताच एक माणूस सांगून गेला."

"कोण गं?"

"काय म्हाईत. भला होता बिचारा. नाक मेल्याचं तुझ्यासारखंच."

त्यानंतर रोज संध्याकाळी जाईबाईला मुंबई नव्यानं मिळायची. पेढे परवडेनात, म्हणून कांता गुळाचा खडा ठेवायची. आणि दत्ताराम रोज दोनदा घरी यायचा.