जेवताना फोन नाही

गेल्या महिन्यात शाहीन सिस्टरनं मला जेवताना फोन केला, म्हणून मी तिला अख्ख्या वॉर्डासमोर झापलं होतं. "पेशंटला साधा ताप आहे! जेवताना मला फोन करायचा नाही!"

आज कापूरहोळला ढाब्यावर निवांत जेवून भोरला दवाखान्यात परतलो, तर वॉर्डात दाखल असलेल्या पासली गावच्या बाळाबाईंचा बीपी पार खाली गेलेला. पुण्याला नेताना त्या वाटेतच गेल्या.

"फोन का नाही केला?" मी परत शाहीन सिस्टरवरच ओरडलो.

तिनं नोंदवही पुढं केली. 'दीड वाजता बीपी उतरतोय. डॉक्टर जेवायला गेलेत. जेवताना फोन करायचा नाही, अशी त्यांची सूचना आहे.'

खाली माझ्या सहीची जागा रिकामी होती. मी सही केली.