बुधवारचा संघ

साँता ब्रिजिदाच्या बंदरावर त्या एप्रिलात दुसरा विषयच नव्हता. लिलावाला उभी राहिलेली माणसं सार्डिनच्या टोपल्यांकडे बघत, पण बोलत एकच: बुधवारी मिस्टर कुणाला उतरवणार?

मिस्टर म्हणजे अबीलियु सेराँव. तिकडे फुटबॉलच्या प्रशिक्षकाला सगळे मिस्टरच म्हणतात, मग तो कोळ्याच्या पोटचा का असेना. अबीलियु तसाच होता. वय एकसष्ट, डावा गुडघा लाकडासारखा ताठ. पंचविसाव्या वर्षी तो स्वतः चांगला खेळत होता. इतका चांगला की तेव्हाच्या प्रशिक्षकाने त्याला दोन वर्षं एकाही सामन्यात बसू दिलं नाही. गुडघा सुजला की सुई टोचायची आणि उतरवायचं. सत्ताविसाव्या वर्षी तो गुडघा मैदानातच गेला, आणि त्याच्याबरोबर बाकी सगळंच गेलं. तेव्हापासून अबीलियुचा एक नियम होता: थकलेल्या माणसाला खेळवायचं नाही. माणसं आलटून पालटून वापरायची. गाव कुरकुरायचं, पण संघ जिंकला की गप्प बसायचं.

त्या वर्षी मात्र गोष्ट वेगळी होती. तिसऱ्या विभागातला हा एवढासा क्लब चषकात एकेकाला लोळवत उपांत्य सामन्यात पोचला होता, आणि समोर लिस्बनचा बडा संघ येणार होता, तोही यांच्या मैदानावर. क्लबच्या इतिहासात असा दिवस आला नव्हता, पुन्हा येईल असं कुणाला वाटतही नव्हतं. तो दिवस बुधवार. आणि त्याच आठवड्यात रविवारी साखळीतला शेवटचा सामना. तो जिंकला नाही तर संघ खालच्या विभागात जाणार, आणि खाली गेलो तर क्लबला टाळं लावायचं, हे अध्यक्षांनी आधीच सांगून ठेवलं होतं. संघात खेळाडू एकोणीस. त्यातले भरवशाचे तेरा. त्यातलेही निम्मे पहाटे मासे डबाबंद करण्याच्या कारखान्यात उभे राहून मग सरावाला येणारे.

सोमवारी इल्दाने कप्तानाची मांडी तपासली. इल्दा क्लबची मालीशवाली. वीस वर्षं खेळाडूंचे स्नायू चाचपून तिची बोटं डॉक्टरापेक्षा शहाणी झाली होती.

"मिस्टर, या मांडीत एकच सामना शिल्लक आहे," ती म्हणाली. "दोन नाहीत."

"कुठला एक?"

"ते मांडी सांगत नाही. ते तुम्ही सांगायचं."

कप्तानाचं नाव वाल्देमार. पस्तीस वर्षांचा, मधल्या फळीत खेळणारा. सोळा वर्षं याच क्लबात. बाहेरून बोलावणी आली तेव्हा गेला नाही, कारण त्याचे वडील अमान्सियु होडी हाकणारे तांडेल होते आणि घरात तिसरं कुणी नव्हतं. आता तांडेलांची फुप्फुसं संपली होती. नाकात प्राणवायूची नळी घालून ते खिडकीशी बसत. ते उन्हाळा बघतील असं डॉक्टर म्हणत नव्हते.

मंगळवारी सराव संपल्यावर बाकीचे अंघोळीला गेले आणि वाल्देमार मैदानाच्या कडेला थांबला.

"मिस्टर, मला बुधवार द्या."

अबीलियु झेंडे गोळा करत होता. त्याने वर पाहिलं नाही.

"रविवारी तू नसलास तर आपण जिंकत नाही. तुलाही ठाऊक आहे."

"बुधवारी आबा येणारेत. चाकाच्या खुर्चीतून. मी स्वतः ढकलत आणणार आहे त्यांना. त्यांनी मला मोठ्या संघाविरुद्ध कधी पाहिलं नाही."

"रविवारी बघतील."

"रविवारचा सामना दुसऱ्याच्या गावात आहे, मिस्टर. दोन तास गाडी. त्यांना झेपेल का?"

अबीलियुने शेवटचा झेंडा उपटला. तो म्हणाला, "एका दिवसासाठी मी क्लब बुडवू का, वाल्देमार? कारखान्यातली ती पोरं, इल्दा, गवत कापणारा, सगळे कुठे जातील?"

वाल्देमारने आपले बूट उचलले. मग म्हणाला, "तुम्ही मिस्टर आहात." आणि गेला. त्याने भांडण केलं असतं तर बरं झालं असतं, असं अबीलियुला पुढे अनेकदा वाटलं.

रात्री त्याने बायकोला, ग्रासिंदाला, नावं वाचून दाखवली. नेहमीचे आठ जण बाहेर. ती बटाटे सोलत होती.

"हे तू रविवार जिंकण्यासाठी करतोयस की तुझ्या गुडघ्यासाठी?" तिने विचारलं.

"रविवारसाठी."

"मग ठीक," ती म्हणाली, पण सुरी थांबवून तिने त्याच्याकडे बघितलं होतं, ते त्याच्या लक्षात आलं.

बुधवारी दुपारी लिलाव बंद, कारखाना बंद, शाळा बंद. चार हजारांच्या मैदानात सहा हजार माणसं. लाऊडस्पीकरवर नावं वाचली जाऊ लागली तसा गलका कमी होत गेला. शेवटचं नाव वाचून झालं तेव्हा समुद्र ऐकू येत होता. तांडेल अमान्सियु कुंपणाशी, गुडघ्यावर घोंगडी घेऊन बसले होते. अंगात क्लबचा हिरवा सदरा. त्यांचा मुलगा राखीव बाकावर, त्यांच्यापासून वीस पावलांवर.

मध्यंतराला तीन गोल झाले होते, तिन्ही पाहुण्यांचे. चौथा झाला तेव्हा लोकांनी मैदानाकडे पाठ फिरवली. ओरडले नाहीत, शिव्या दिल्या नाहीत; नुसते पाठ करून उभे राहिले. एकटे तांडेल समोर बघत होते. त्यांना खुर्ची वळवता येत नव्हती, की वळवायची नव्हती, कोण जाणे.

वीस मिनिटं उरली असताना वाल्देमार उठून अबीलियुच्या शेजारी आला. "दहा मिनिटं, मिस्टर. चेंडूच्या मागे धावणार नाही. नुसता उभा राहीन."

अबीलियुने इल्दाकडे पाहिलं. इल्दाने मान खाली घातली. तिची बोटं एकमेकांत अडकली होती.

"रविवार," अबीलियु म्हणाला.

सामना पाच शून्यने गेला.

दुसऱ्या दिवशी तो पाव आणायला गेला. बेकरीवाल्या झुल्मिराबाई त्याला तीस वर्षं पाव देत होत्या. त्यांनी कपाट उघडलं आणि कालचे दोन कडक पाव काढून ठेवले.

"ताजे आहेत ना आत?" अबीलियु म्हणाला. "वास येतोय."

"आहेत. पण त्यांना विश्रांती दिलीय, मिस्टर. रविवारी खेळवीन. आज शिळ्यावर भागवा."

दुकानातले लोक हसले नाहीत. हसले असते तर तोही हसला असता. त्याने ते पाव घेतले आणि घरी आला.

रविवारी त्याची अकरा उत्तम माणसं उतरली. समोरचा संघ बुधवारी आपला राहिलेला साखळी सामना खेळून आला होता, तोच संघ, एकही बदल न करता. मध्यंतरापर्यंत त्यांच्या पायात गोळे येऊ लागले. अबीलियुने मांडलेलं गणित जसंच्या तसं समोर दिसत होतं. आपली पोरं ताजी होती. धावत होती. चेंडू मिळवत होती. पण मिळाल्यावर त्याचं काय करायचं हे जणू ती विसरली होती. एकमेकांकडे बघत नव्हती. वाल्देमारने एकही चूक केली नाही. सांगितलं तिथे उभा राहिला, सांगितलं तसा चेंडू दिला. सोळा वर्षांत तो असा आज्ञाधारक कधी खेळला नव्हता.

एकोणनव्वदाव्या मिनिटाला समोरच्यांच्या एका थकलेल्या, लंगडणाऱ्या पोराने लांबून नुसता चेंडू लाथाडला. तो अबीलियुच्याच बचावपटूच्या पाठीला लागून दिशा बदलून जाळ्यात गेला. एक शून्य. थोड्या वेळाने पंचांनी शिट्टी वाजवली.

परतीच्या बसने दोन तास घेतले. बंदर आल्यावर मागच्या सीटवरून एकजण एवढंच म्हणाला, "तेलही गेलं, तूपही गेलं." पुढचं त्याने म्हटलं नाही.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात क्लबला टाळं लागलं. तिसऱ्या आठवड्यात तांडेल अमान्सियु गेले. अबीलियु जायचं की नाही करत शेवटी चर्चच्या मागच्या बाकावर जाऊन बसला. ग्रासिंदा शेजारी होती. दफनानंतर लोक रांगेने वाल्देमारचा हात हातात घेत होते. अबीलियुची पाळी आली तेव्हा त्याचा हात खिशातच राहिला.

वाल्देमारनेच त्याचा हात धरला.

"आबांनी तुम्हाला नावं ठेवली नाहीत, मिस्टर. घरी नेताना एकदाच विचारलं, माझं पोर आजारी आहे का म्हणून. मी हो म्हटलं."

"वाल्देमार..."

"तुमचं बरोबर होतं. रविवारी माझे पाय खरंच ताजे होते. मांडी जराही दुखली नाही." त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. मागे रांग थांबली होती, म्हणून त्याने हात सोडला.

अबीलियुने त्या उन्हाळ्यात कागदावर कागद भरले. बुधवारी सगळे चांगले खेळवले असते तर? निम्मे खेळवले असते तर? वाल्देमारला शेवटची दहा मिनिटं दिली असती तर? प्रत्येक कागदावर तो रविवार हरत होता. आधी त्याला त्यात दिलासा वाटला. मग कळलं, रविवार तसाही जाणारच होता, तर वाल्देमारकडून बुधवार उगाच काढून घेतला. त्या दिवसापासून त्याने कागद घेतले नाहीत.

ऑगस्टमध्ये उत्तरेकडच्या एका क्लबाने त्याला बोलावलं. अनुभवी माणूस हवा होता. ग्रासिंदाने सामान बांधलं, दोघं गेली, भाड्याचं घर घेतलं. पहिल्याच आठवड्यात चार दिवसांत दोन सामने होते. पहिल्या सामन्याच्या सकाळी तिथल्या अध्यक्षांनी फोन केला.

"मिस्टर, नावं पाठवायची राहिलीत. कोण कोण उतरणार?"

अबीलियुच्या समोर जवळजवळ कोरा कागद होता. पहाटेपासून तो त्याच्यापुढे बसला होता. गोलरक्षकाचं नाव लिहून त्याने खोडलं होतं.

"मला येत नाही," तो म्हणाला.

"काय येत नाही?"

"एकाला बसवायचं तर तो का, हे मला सांगता येत नाही. उतरवायचं तर तेही. दुसऱ्या कुणाला विचारा."

मग अध्यक्ष काहीतरी समजुतीचं बोलू लागले. ग्रासिंदा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. तिने पुढे होऊन त्याच्या हातातून फोन घेतला आणि म्हणाली, "साहेब, आम्ही उद्याच्या गाडीने परत जातोय. घराची किल्ली शेजारी ठेवते."