मालकांची शिकवणी

मास्तरांच्या हृदयातली एक झडप नीट मिटत नव्हती. डॉक्टरांनी कागदावर आकृती काढून समजावलं, तेव्हा मास्तरांनी सवयीने आधी आकृती सुबक आहे का ते पाहिलं आणि मग उपाय विचारला. उपाय होता, पण ऑपरेशनचा खर्च ऐकून त्यांनी तो कागद घडी करून खिशात घातला. ज्या खासगी शाळेत उभा जन्म काढला ती बंद पडलेली, पेन्शनचं नाव नाही, आणि घरात विकण्याजोगं होतं ते केव्हाच औषधांच्या घशात गेलेलं.

"मालकांकडे जा," बायको म्हणाली. "समोरच्या शिंप्याच्या मुलीचे डोळे त्यांनीच बरे करून दिले ना?"

मालक म्हणजे काचकारखान्याचे मालक. जिभेने फटकळ, पण हाताने मोकळे.

"मागायला मला नाही जमत गं."

"न जमायला काय झालं? तोंड उघडायचं आणि बोलायचं. जन्मभर बडबड करूनच पोट भरलंत ना?"

बायकोने शर्टाला कडक इस्त्री केली आणि मास्तर निघाले. मालकांच्या बंगल्याच्या पायऱ्या चढता चढताच त्यांना धाप लागली. सूनबाईंनी त्यांना दिवाणखान्यात बसवून पाणी दिलं. बाई भली होती, पण चेहरा ओढलेला.

"मास्तर, तुमचं येणं फुकट गेलं हो," ती म्हणाली. "बाबांना झटका येऊन गेला. वाचाच गेली. मदत कुणाला करायची ते तेच ठरवायचे, त्यामुळे सगळंच अडलंय."

तेवढ्यात आतल्या खोलीत काहीतरी खळ्ळकन फुटलं आणि पाठोपाठ आरोळी आली, "गाढवा!"

सूनबाई ओशाळली. "तेवढा एकच शब्द उरलाय. डॉक्टरांना तोच, मला तोच. बोलायला शिकवणाऱ्या एक बाई येत होत्या, त्यांच्या अंगावर पेला फेकला. त्या पुन्हा फिरकल्या नाहीत. रोज सराव केला तर वाचा परत येईल म्हणतात, पण करून घेणार कोण?"

मास्तर आपण कशासाठी आलो ते विसरले. "मी जरा भेटू का?"

खुर्चीत मालक बसले होते. उजवा हात मांडीवर निर्जीव पडलेला, डोळे मात्र निखाऱ्यासारखे.

"गाढवा!" त्यांनी स्वागत केलं.

"मालक," मास्तर समोर बसत म्हणाले, "हा शब्द मी आयुष्यभर पोरांना वाटला. आज पहिल्यांदाच माझ्या वाट्याला आला."

मालक बघतच राहिले. काही बोलायला त्यांचे ओठ हलले, वळवळले, आणि काहीच न निघाल्याने डोळ्यांत पाणी आलं. तो चेहरा मास्तरांच्या ओळखीचा होता. उत्तर येतंय, जिभेच्या टोकावर आहे, आणि सगळा वर्ग हसतोय, अशा मुलाचा. अशा मुलाला प्रश्न विचारायचा नसतो, हे मास्तरांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी नजर खिडकीबाहेर वळवली आणि वर्गातल्या सुरात सुरू केलं,

"बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा, बे चोक..."

आणि थांबले. मास्तरांनी पुन्हा पहिल्यापासून धरलं. पुन्हा तिथेच थांबले. मालक भिंतीकडे बघत होते. तिसऱ्या खेपेला खुर्चीतून खर्जातला आवाज आला.

"आठ."

मास्तरांनी शाबासकीबिबासकी दिली नाही. थांबून चालणार नव्हतं. "बे पंचे..."

"दहा. बे सक... बारा!"

दोन म्हातारे मग वीसपर्यंत पोचले आणि तिथून उलटे फिरून पुन्हा निघाले. दारात उभ्या सूनबाईने पदर तोंडावर दाबून धरला होता.

घरी बायकोने सगळं ऐकून कपाळावर हात मारला. "म्हणजे मागायला गेलात आणि शिकवणी लावून आलात?"

"माणूस अडलाय गं. आता मागितलं तर ती फी होईल."

दुसऱ्या दिवसापासून मास्तरांना न्यायला गाडी येऊ लागली. पाढ्यांवरून वार, वारांवरून महिने, मग आरशासमोर बसून ओठांचे आकार. पाठ असलेलं मालकांच्या तोंडून धबधब्यासारखं यायचं, पण स्वतःच्या मनातलं बोलायला गेलं की गाडी रुतायची. एका सकाळी 'पाणी' म्हणता म्हणता ते इतके वैतागले की त्यांनी आरसाच भिरकावला. मास्तरांचंही डोकं फिरलं.

"मग बसा असेच!" म्हणून ते तरातरा बाहेर पडले. पायऱ्यांवर मात्र छातीत काहीतरी आवळलं. डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ते तिथेच कठडा धरून बसले.

मागून पाय फरफटल्याचा आवाज आला. भिंतीच्या आधाराने मालक दारापर्यंत आले होते.

"मास्तर... जाऊ... नका."

हे पाठांतर नव्हतं. हे त्यांचं स्वतःचं होतं. मास्तर वळले, तसे त्यांचे निळसर पडलेले ओठ मालकांना दिसले.

"काय... होतंय?"

"झडप बिघडलीय हृदयातली. ऑपरेशनसाठी मदत मागायलाच आलो होतो पहिल्या दिवशी. राहून गेलं."

मालकांनी त्यांच्याकडे एकटक पाहिलं. मग अगदी शांतपणे, शब्द निवडून म्हणाले, "गाढवा."

आणि दोघेही हसायला लागले.

सूनबाई हॉस्पिटलला फोन लावू लागली, तर मालकांनी तिच्या हातातून तो काढून घेतला. "मी... बोलतो." पलीकडची बाई दोनदा "कोण बोलतंय?" म्हणाली. मालक घामाघूम झाले, पण फोन सोडला नाही. "माझे... मास्तर. ऑपरेशन. खर्च... माझा. लवकर." फोन ठेवला तेव्हा छाती अशी फुगलेली, जणू नवा कारखानाच उघडलाय.

ऑपरेशन झालं. टाके सुकले, खाणं अंगी लागू लागलं, आणि मास्तर कुठेही न थांबता गल्लीच्या टोकापर्यंत चालू लागले.

मालक पुन्हा कामावर आले त्या सकाळी कारखान्याच्या अंगणात झाडून सगळे कामगार जमले. मास्तर बायकोसह एका कडेला उभे होते. मालक काठी टेकत पुढे आले.

"तुम्ही सगळ्यांनी... भट्टी... चालू..." आणि अडकले.

मालकांची नजर मास्तरांना शोधत आली. शब्द मास्तरांच्या ओठांवर होता, पण त्यांनी दात आवळून तो आत ठेवला आणि नुसती मान हलवली. घ्या वेळ. मालकांनी काठी घट्ट धरली.

"...ठेवलीत!"

टाळ्यांनी पत्रे दणाणले. कुणी शिट्टी मारली, मागच्या रांगेत कुणीतरी रडत होतं. मालक पुढे बोलतच सुटले, आणि काही केल्या आवरेनात.

"पुरे म्हणावं आता, लोकांना कामं आहेत," बायको कुजबुजली.

"बोलू दे," मास्तर म्हणाले, आणि दोन्ही हात उंच करून टाळ्या वाजवत राहिले.