नऊ चेहऱ्यांची आखणी

ते डोळे मी आखले. दुसऱ्या कुणावर ढकलायचं नाही म्हणून आधीच सांगून टाकतो. आमच्या गल्लीत सगळ्यांना वाटतं, परदेशातल्या लोकांनी पोरीवर अन्याय केला. मीसुद्धा चार महिने तसंच सांगत फिरलो. ते खरं नाही.

मी जोतीराम कुंभार. कोल्हापुरात आमचा गणपतीचा कारखाना आहे, तीन पिढ्यांचा. पूर्णिमा माझी एकुलती एक मुलगी. स्कॉटलंडमधल्या एका आर्ट स्कूलनं तिला शिष्यवृत्ती देऊन बोलावलं, तेव्हा गल्लीच्या तोंडाला अभिनंदनाचा फलक लागला. त्यावर माझा फोटो तिच्या फोटोपेक्षा मोठा होता. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

शिष्यवृत्ती पहिल्या वर्षापुरती होती. पुढची दोन वर्षं मिळणार की नाही, ते सुट्टीत घरी केलेल्या कामावर ठरायचं होतं. नाही मिळाली तर गाशा गुंडाळून परत यायचं, कारण तिथली फी भरणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं. हे तिनं जूनमध्ये घरी आल्या आल्या मला स्पष्ट सांगितलं होतं.

जूनमध्ये आमच्या कारखान्यात पाय ठेवायला जागा नसते. तिनं एक कोपरा धरला आणि लाल मातीची नऊ डोकी घडवायला घेतली, नारळाएवढी. आमच्याकडे काम करणाऱ्या नऊ बायकांची. त्यात तिची आई होती आणि माझी भावजय तानाबाई होती, जी चाळीस वर्षं मूर्ती घासायचं काम करते आहे. पूर्णिमा एकेकीला समोर बसवायची आणि बायका लाजून हसायच्या. माझं थोबाड इमानात बसवून नेणार व्हय, असं तानाबाई विचारत होती.

मी येता-जाता बघत होतो. तानाबाईच्या गालावरचा खड्डा तिनं असा धरला होता की मला तो या जन्मात जमला नसता. ऊर भरून आला. तोंडानं मात्र म्हणालो, कान जरा मोठे झालेत. मी असाच आहे.

डोळ्यांची जागा तिनं नऊच्या नऊ चेहऱ्यांवर गुळगुळीत सोडली होती. ते बघून मला फार बरं वाटलं. आमच्या घरची रीत अशी की साचा, घासणं, रंग कुणीही करावं, पण डोळ्यांची आखणी घरातल्या वडील पुरुषानंच करायची. त्या ब्रशला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. माझे वडील गेले त्या वर्षी मी पहिली आखणी केली, तेव्हा चाळिशी उलटली होती; तोवर वीस वर्षं वडिलांशेजारी बसून पाटीवर रेघा गिरवत होतो. आणि डोळे नसलेला चेहरा आमच्या दारातून बाहेर जात नाही. मला वाटलं, एवढं शिकून पोरगी घरची रीत विसरली नाही, माझ्यासाठी जागा राखून ठेवली आहे.

ऑगस्टच्या शेवटी ती गेली तेव्हा डोकी अजून वाळत होती. निघताना म्हणाली, "आबा, भट्टीतनं निघाली की नुस्ती बांधून पाठवा. दुसरं काय करू नका."

मी बरं म्हणालो. आता कुणी म्हणेल, एवढं सांगूनही कळलं नाही का? नाही कळलं. आखणी म्हणजे 'दुसरं काही' असं माझ्या डोक्यातच आलं नाही. मूर्तीला पाट लागतो तशी ती लागते, एवढंच मला ठाऊक.

गणपती बसले, हात मोकळा झाला. मी डोकी भाजून घेतली आणि आंघोळ करून अनवाणी बसलो. दोन दिवस लागले. हजारो मूर्तींना मी डोळे दिलेत, पण इतका जीव कधी ओतला नव्हता. तानाबाईचा डावा डोळा जरासा मिटलेला असतो, तो तसाच उतरला. तिनं बघितलं आणि पदर तोंडाला लावला. बायको मागं उभी होती. तिनं हळूच विचारलं, "पोरीला इचारलंसा का?"

"बापानं पोरीला इचाराय पायजे व्हय?" मी म्हणालो. ती आत निघून गेली.

पार्सल पोहोचलं ते परीक्षेच्या दोन दिवस आधी. पूर्णिमाचा व्हिडिओ कॉल आला. कौतुक ऐकायला मिळणार म्हणून मी टोपी नीट केली. ती ओरडली नाही. ओरडली असती तर मलाही ओरडता आलं असतं.

"आबा, ह्या बायका जल्मभर मूर्ती घासत्यात," ती म्हणाली. "डोळ्याचा ब्रश एकीच्याबी हातात कवा दिला न्हाई तुमी. मलाबी न्हाई. म्हणून त्यास्नी डोळं न्हवतं. त्येच माझं काम हुतं."

खरडून काढ म्हणालो. थिनर लावून बघितलं होतं तिनं. भाजलेली माती रंग पिऊन बसली होती. मग मी चिडून विचारलं, हे आधी का नाही सांगितलंस? ती म्हणाली, सांगितलं असतं तर ही डोकी तुम्ही कारखान्यात घडवू दिली असती का? नसती दिली. मी फोन बायकोच्या हातात दिला.

परीक्षेला तीच डोकी मांडावी लागली. परीक्षक सगळ्यात जास्त वेळ डोळ्यांपाशी थांबले. एक बाई तर वाकून विचारू लागल्या, अशी रेघ ओढायला कुठं शिकलीस? घरीच शिकले म्हणाली असती तर कुणाला कळणार होतं? पण तिनं खरं ते सांगितलं. काम स्वतःचंच असलं पाहिजे असा तिथला नियम. शिष्यवृत्ती थांबली, पाठोपाठ व्हिसाही संपला. जानेवारीत दोन बॅगा घेऊन ती घरी आली.

आल्यापासून मातीला तिनं हात लावलेला नाही. कारखान्याचे फोन घेते, गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी लिहून ठेवते. मी एकदा आखणीचा ब्रश तिच्यापुढं धरला, म्हणालो, यंदापासून तू कर. तिनं तो घेतलाही नाही. डोळे आखायला वीस वर्षं हात मुरावा लागतो, हे तिला माझ्याइतकंच ठाऊक आहे. ती वर्षं मीच तिला दिली नाहीत.

काल त्या शाळेचं पत्र आलं. पूर्णिमानं लॅपटॉप चुलीजवळ आणून आम्हा दोघांना एकेक ओळ मराठीत वाचून दाखवली, आवाज जराही न हलवता. डोळे आखणाऱ्या कारागिरानं दोन आठवडे यावं, विद्यार्थ्यांना शिकवावं. येण्याजाण्याचं आणि राहण्याचं सगळं शाळा बघेल.

बायकोनं माझ्याकडं बघितलं नाही. मला जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं. तरी बोललो.

"त्यास्नी लिही, मी साधा कारागीर हाय. ती डोस्की माझ्या पोरीनं घडवल्यात. मी न्हाई येत, पर पोरीला परत घ्या. माझ्या नावानं लिही, चूक माझी हाय म्हणून."

"त्ये सगळं मी डिसेंबरातच लिवलं हुतं, आबा," पूर्णिमा म्हणाली. "तुमच्याच नावानं. त्येचंच ह्ये उत्तर हाय."

काय कळवायचं ते पंधरा तारखेच्या आत सांगा, असं म्हणून तिनं लॅपटॉप मिटला.