बिनआवाजाची चाळीस मिनिटं

अमेरिकेतल्या डुलुथ शहरातल्या एका लाकडी खेळण्यांच्या कंपनीसाठी मारेन टॉलेफसन अकरा वर्षं खेळणी बेतत होती. कंपनीनं ऑफिसची जागा सोडली, सगळे घरून काम करू लागले आणि तेव्हापासून ऑफिसच्या चॅटवर तिच्या नावापुढचा हिरवा ठिपका हीच तिची हजेरी झाली. ठिपका विझला की तिचा साहेब गॅरेट याचा निरोप आलाच: ‘आहेस ना?’ आंघोळीलासुद्धा ती फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून नेई. दिवसभर निरोपांना उत्तरं देऊन जीव मेटाकुटीला येई आणि कोऱ्या कागदावर मात्र सप्टेंबरपासून एक रेघ उमटली नव्हती.

फेब्रुवारीत तिची दाढ ठणकू लागली. दातांच्या डॉक्टरबाईंनी फोन बाहेरच्या कपाटात ठेवायला लावला. खुर्चीत आडवी झाल्यावरही तिचा हात सारखा खिशाकडे जात होता. मग जबडा बधिर झाला, यंत्राची घरघर सुरू झाली. ती नुसतीच छताकडे बघत राहिली. आणि एकाएकी तिला एक लाकडी बीव्हर दिसला, ओंडके रचून ओढ्यावर धरण बांधणारा तो चपट्या शेपटीचा प्राणी. त्यानं शेपटी आपटली की ओंडके एकेक करत सरकतात आणि धरण उभं राहतं! तिनं खुणेनंच पेन मागितलं आणि छातीवरच्या कागदी फडक्यावर चित्र काढलं.

“दाढ कोरून घेताना हसणारी बाई पहिल्यांदाच बघतेय मी,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

बाहेर येऊन बघते तर त्रेपन्न निरोप. शेवटचा गॅरेटचा: ‘चाळीस मिनिटं कुठं गायब?’

तिनं उत्तरादाखल फडक्यावरच्या बीव्हरचा फोटो पाठवला. लगेच त्याचा फोन आला.

“अगं, भन्नाट आहे हे! इतके दिवस डोकं कुठं गहाण ठेवलं होतंस?”

“डोकं जागेवरच होतं, गॅरेट. त्याला कुणी स्वस्थ बसू देत नव्हतं.” तिची जीभ अजून जडच होती. “मला रोज दोन तास दे. एकही निरोप नको.”

“घे की! त्यात काय एवढं? फक्त ग्रुपवर सांगून ठेव. आणि अर्जंट असेल तेवढं बघत जा.”

सोमवारी दुपारी एकला तिनं ग्रुपवर तसं कळवलं. चौदा जणांनी अंगठे पाठवले, आणि पाच मिनिटांत तिला खरोखरच अंगठा दाखवला. अर्जंट: बीव्हरचा रंग. अर्जंट: खोक्याची मापं. मग गॅरेटनं नवाच ग्रुप काढला, ‘सुचलं का काही?’ दर तासाला प्रत्येकानं एक कल्पना टाकायची. पहिली मारेननं.

तिनं फोन पावाच्या डब्यात ठेवून झाकण घट्ट लावलं आणि कागद पुढ्यात ओढला. डब्यातली थरथर टेबलापर्यंत ऐकू येत होती. थांबली तरी तिच्या कानात चालूच होती. पेन्सिल कागदावर टेकवून ती सात मिनिटं नेटानं बसली.

मग उठली, झाकण काढलं, ‘बीव्हर तपकिरीच ठेवू’ असं लिहिलं आणि तिथंच ओट्याशी उभी राहून पुढचा निरोप वाचू लागली.